विलीनीकरणात माझी सिनिऑरिटी जाणार का? पाच दिवसांत सही करू का?

ज्या प्रश्नाला हे उत्तर आहे, तो आधी थोडक्यात मांडतो. मुंबई बेसवर काम करणाऱ्या एका केबिन क्रू ताईंनी विचारलंय. त्यांची विमान कंपनी छोटी आहे आणि ती एका मोठ्या कंपनीत विलीन होते आहे. ताईंची सेवा ११ वर्षांची. छोट्या कंपनीत क्रू साधारण ४००, त्यात सिनिऑरिटीने त्या ६० व्या. मोठ्या कंपनीत क्रू १,६०० च्या आसपास. बेसवर चर्चा अशी की छोट्या कंपनीच्या सगळ्यांना यादीच्या तळाला टाकणार. त्यांची असोसिएशन म्हणते सही करू नका. मोठ्या कंपनीतली युनियन म्हणते तुम्ही आमच्या सभासद नाही, आम्ही तुमच्यासाठी काय बोलणार? आणि एचआरने नवं नेमणूक पत्र हातात देऊन पाच दिवसांची मुदत दिली आहे. त्यांचे प्रश्न दोन आहेत: सही करू का, आणि असोसिएशन सोडून मोठ्या युनियनमध्ये जाऊ का?

मी २२ वर्षं विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये काढली. त्यातली १४ वर्षं युनियनच्या कार्यकारिणीत होतो. हल्ली कामगारांच्या बाजूने लेबर कमिशनरकडे समेटाच्या बैठकांना जातो. वकील नाही, त्यामुळे खाली लिहितोय ते अनुभवातून आणि कागद वाचून आलेलं आहे. तुमचे कागद कोणीतरी प्रत्यक्ष पाहायला हवेत, हे आधीच सांगतो.

ताई, तुम्ही सहीबद्दल विचारलंय, पण सही हा शेवटचा टप्पा आहे. खरी अडचण त्याच्या आधीची आहे. दोन याद्यांची एक यादी होणार, ती कोणत्या नियमाने होणार हे अजून कुठेच लिहिलेलं दिसत नाही, आणि तो नियम लिहिताना तुमच्या ४०० जणांच्या वतीने टेबलावर कोण बसणार हेही ठरलेलं नाही. यादी एकदा नोटीस बोर्डावर लागली की भांडण एकेका नावाचं होतं. नियम लिहिला जात असतो तेव्हा ते सगळ्यांचं असतं. म्हणून जो काही जोर लावायचा तो आत्ता.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. विलीनीकरणाच्या योजनेत कर्मचाऱ्यांबद्दल नेमकं काय लिहिलंय, तुमच्या कंपनीत बढतीचा नियम एखाद्या करारात आहे की फक्त एचआरच्या पॉलिसीत, आणि तुमची असोसिएशन नोंदणीकृत ट्रेड युनियन आहे की नुसती संस्था, या तीन गोष्टींची उत्तरं माझ्याकडे नाहीत. तिन्हींची उत्तरं तुम्हाला दोन दिवसांत मिळवता येतात.

आता सिनिऑरिटी. हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे सेवेची लांबी: रुजू झाल्यापासून किती वर्षं झाली. ग्रॅच्युइटी, रजा, नोकरकपात झाली तर मिळणारी भरपाई हे तिच्यावर चालतं. दुसरी म्हणजे ग्रेडमधला क्रमांक: केबिन सुपरवायझरच्या अपग्रेडला आधी कोणाचं नाव, मोठ्या विमानांच्या ट्रेनिंगला कोण, बेस बदलून मागितला तर कोणाला. पहिलीला कायद्याचं बऱ्यापैकी संरक्षण आहे. दुसरीला जवळजवळ नाही. तुम्हाला भीती दुसरीची आहे आणि एचआरवाले आश्वासन देतात ते पहिलीचं. "तुमची सर्व्हिस कंटिन्यू आहे, काळजी करू नका" हे वाक्य खरंही असू शकतं आणि तरी तुम्ही ६० वरून १,६६० व्या होऊ शकता.

पहिल्या गोष्टीबद्दल कायदा असा. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये कलम २५ एफएफ होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तीच तरतूद आली आहे. आस्थापना एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली तर कामगाराची सेवा खंडित होऊ नये, अटी आधीपेक्षा कमी फायद्याच्या नसाव्यात, आणि पुढे कधी कपात झाली तर जुनी सेवा धरूनच भरपाई द्यायची जबाबदारी नव्या मालकावर असावी. यातलं काही पाळलं नाही तर कपात झाल्यासारखी भरपाई द्यावी लागते. कंपन्यांचं विलीनीकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मंजुरीने होतं. विस्तारा आणि एअर इंडियाच्या योजनेला जून २०२४ मध्ये चंदीगडच्या खंडपीठाने मंजुरी दिली होती. अशा योजनेत 'कर्मचारी' म्हणून एक परिच्छेद असतोच. तुमच्या योजनेतला तो शोधून प्रिंट काढा. 'सेवेत खंड न पडता' आणि 'कमी फायद्याच्या नसलेल्या अटींवर' अशा अर्थाचे शब्द त्यात आहेत का ते बघा. असतील तर हातातलं नेमणूक पत्र त्या शब्दांशी ताडून पाहा.

त्या परिच्छेदात ग्रेडमधल्या क्रमांकाबद्दल मात्र बहुतेक वेळा काहीच नसतं. तो क्रमांक कसा ठरतो हे तुमचेच आकडे घेऊन दाखवतो, म्हणजे नियम बदलला की किती फरक पडतो ते दिसेल.

तळाला जोडण्याची पद्धत लावली तर मोठ्या कंपनीचे १,६०० आधी, मग तुमच्या कंपनीचे. तुम्ही १,६६० व्या. रुजू तारखेची पद्धत लावली तर दोन्हीकडच्या सगळ्यांना एका रांगेत तारखेप्रमाणे उभं करतात. समजा मोठ्या कंपनीत तुमच्या आधी लागलेले ९०० जण आहेत. मग तुम्ही ९६० व्या. आणि गुणोत्तराची पद्धत लावली तर प्रत्येक चार मोठ्या कंपनीच्या नावांमागे एक तुमचं नाव गुंफतात. तुम्ही आज तुमच्या यादीत वरच्या १५ टक्क्यांत आहात, तर २,००० च्या यादीतही वरच्या १५ टक्क्यांत राहाल, म्हणजे साधारण ३०० व्या. माणूस तोच, ११ वर्षं तीच, आणि क्रमांक ३००, ९६० किंवा १,६६०.

यातली कुठली पद्धत न्याय्य? मी अनेक वर्षं रुजू तारखेच्या बाजूने भांडलो, कारण ती समजायला सोपी आणि तिच्यात वशिला चालत नाही. आता माझं मत थोडं बदललंय. एक कंपनी जुनी आणि दुसरी नवी असेल तर नुसती तारीख नव्या कंपनीच्या सगळ्यांना खाली ढकलते, जरी त्यांनी आपल्या जागी भराभर बढत्या मिळवलेल्या असल्या तरी. उलट नुसतं गुणोत्तर लावलं तर २० वर्षं उडालेल्या बाईच्या वर सहाच वर्षं सेवा झालेली मुलगी जाऊन बसते, आणि त्या बेसवर मग पुढची कित्येक वर्षं कोणी कोणाशी धड बोलत नाही. मला पटतो तो मधला रस्ता: सध्याचा हुद्दा आणि सेवेची वर्षं दोन्ही धरायची, आणि त्यावर काही वर्षांचं कुंपण घालायचं. कुंपण म्हणजे असं, की पहिली तीन किंवा पाच वर्षं आधीच्या कंपनीच्या वाट्याच्या सुपरवायझर जागा त्याच कंपनीच्या लोकांमधून भरायच्या, आणि नंतर सगळं एकत्र. निवृत्तीचं वयही विसरू नका. विस्ताराच्या विलीनीकरणात वैमानिकांमध्ये हाच मुद्दा पेटला होता, कारण एका बाजूला निवृत्ती ५८ व्या वर्षी होती आणि दुसऱ्या बाजूला ६० व्या. वरचे लोक दोन वर्षं उशिरा जाणार असतील तर खालच्यांचा प्रत्येक अपग्रेड तितका पुढे जातो.

नियम वेळेवर ठरवला नाही तर काय होतं, याचं आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण तारखा कोणी नीट लक्षात ठेवत नाही. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचं विलीनीकरण ऑगस्ट २००७ मध्ये झालं. कंपनी एक झाली, पण पगार, बढत्या आणि युनियन दोन-दोनच राहिल्या. एप्रिल-मे २०११ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडच्या वैमानिकांच्या संघटनेने समान वेतनासाठी दहा दिवस संप केला, तिची मान्यता काढली गेली. त्यानंतर न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली आणि तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. म्हणजे विलीनीकरणानंतर साडेचार वर्षांनी दोन्हीकडच्या माणसांचं काय करायचं यावर कागद तयार झाला. मे २०१२ मध्ये एअर इंडियाकडच्या वैमानिकांची संघटना इंडियन पायलट्स गिल्ड आंदोलनात उतरली. कारण काय, तर नव्या ड्रीमलायनर विमानांचं ट्रेनिंग कोणाला द्यायचं. ते ५८ दिवस चाललं. गिल्डचीही मान्यता गेली आणि अनेकांना बडतर्फीची पत्रं मिळाली.

त्या काळात मी कलिनाच्या बाजूला राहायचो. एकाच इमारतीत दोन्हीकडची कुटुंबं होती. गणपतीची वर्गणीसुद्धा दोन वेगळ्या पावती पुस्तकांवर गोळा व्हायला लागली होती, हे मी स्वतः पाहिलंय. ज्यांची मुलं एकाच शाळेच्या बसमध्ये बसायची ते लोक जिन्यात एकमेकांना ओळख देत नव्हते. एकीकडे कंपनीचा तोटा वाढत होता, आणि आपल्यातला आपला हिशेब आपण आपसात मिटवला असता तर व्यवस्थापनाला हातात घ्यायला काही उरलं नसतं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

अमेरिकेतल्या दोन गोष्टी सांगतो. त्या आपल्या कायद्याला लागू नाहीत, पण तुमच्या प्रश्नाला अगदी चिकटून आहेत. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही दुसरी विमान कंपनी घेतली. टीडब्ल्यूएच्या केबिन क्रूला यादीच्या तळाला जोडलं गेलं. मग ११ सप्टेंबरचा हल्ला झाला, विमानसेवेचं काम घटलं, आणि कपात तळापासून सुरू झाली. २००३ पर्यंत टीडब्ल्यूएच्या जवळजवळ सगळ्या क्रूला घरी बसावं लागलं, त्यात २०-२५ वर्षं सेवा झालेल्या बायकाही होत्या. टीडब्ल्यूएचा मोठा तळ मिसुरी राज्यात होता. तिथल्या दोन सिनेटरांनी पुढाकार घेऊन २००७ मध्ये कायदा करून घेतला, मॅककॅस्किल-बाँड म्हणून तो ओळखला जातो. विमान कंपन्यांच्या विलीनीकरणात सिनिऑरिटी याद्या रास्त आणि न्याय्य पद्धतीनेच एकत्र करायच्या, नाही जमलं तर लवादाकडे जायचं, असं तो सांगतो. आपल्याकडे असा कायदा नाही. तो नाही म्हणूनच तुम्हाला तीच गोष्ट करारातून मिळवावी लागणार आहे.

दुसरी गोष्ट यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्टची, २००५ च्या विलीनीकरणातली. तिथे लवादाने २००७ मध्ये यादी दिली. यूएस एअरवेज या जुन्या कंपनीच्या वरच्या ५१७ वैमानिकांना अग्रभागी ठेवलं, आणि कपातीत घरी बसलेल्यांना तळाला. जुन्या कंपनीचे वैमानिक इतके चिडले की संख्येच्या जोरावर त्यांनी २००८ मध्ये आधीची युनियनच बदलली आणि नव्या युनियनने ती यादी राबवू दिली नाही. दोन्ही गट वर्षानुवर्षं वेगवेगळ्या जुन्या करारांवर उडत राहिले. शेवटी अमेरिकन एअरलाइन्सशी पुढचं विलीनीकरण झाल्यावर २०१६ मध्ये लवादाने अंतिम यादी दिली. अकरा वर्षं गेली. म्हणून, लवादाने दिलेली चांगली यादीसुद्धा पुरेशी नसते. ज्यांच्यावर ती लागू होणार त्यांच्या प्रतिनिधींनी आधी निकष मान्य केलेले असावे लागतात.

आता प्रतिनिधित्वाकडे येतो, कारण तुमचा दुसरा प्रश्न त्याचा आहे आणि तोच जास्त महत्त्वाचा आहे.

आधी एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. कामावरून काढलं तर एकटा कामगारही विवाद उभा करू शकतो. सिनिऑरिटीचा विवाद मात्र एकट्याने उभा राहत नाही. तो युनियनने किंवा बऱ्याच कामगारांनी मिळून मांडावा लागतो. एकटीने तुम्हाला कंपनीच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येतं, तिथे कारण घडल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. तेवढ्याने नियम बदलत नाही. म्हणून मागे युनियन हवीच.

दुसरं, मोजणी. नव्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे आस्थापनेच्या हजेरीपटावरचे ५१ टक्के किंवा जास्त कामगार ज्या युनियनमागे असतील तीच एकटी वाटाघाटी करणारी युनियन. तसं कोणीच नसेल तर वाटाघाटी परिषद बनते, आणि तिच्यात किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनला प्रत्येक २० टक्क्यांमागे एक जागा मिळते. तुम्ही म्हणाल, २,००० क्रूमध्ये आम्ही ४०० म्हणजे बरोबर २० टक्के, आमची एक जागा पक्की. तसं धरून चालू नका. मोजणी आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांची असते: ग्राउंड स्टाफ, तंत्रज्ञ, लोडर सगळे त्यात येतात. त्यात तुमचे ४०० जण पाच-सात टक्केही भरणार नाहीत. आणि तुमची असोसिएशन ट्रेड युनियन म्हणून नोंदलेलीच नसेल तर ती मोजणीत धरलीच जात नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र सचिवांकडे मागा. ते फाइलमध्ये नसेल तर आधी ते काम.

म्हणून सोडून जाऊ का, याचं माझं उत्तर: आत्ता नाही, आणि कायमची राहाही नका. विलीनीकरणाच्या तारखेपर्यंत असोसिएशनमध्येच राहा. कारण त्या दिवसापर्यंत तुमची कंपनी वेगळी आहे, तिच्यातल्या क्रूमध्ये तुमच्या असोसिएशनचं वजन आहे, आणि करार करण्याची ताकद फक्त आत्ता तिच्या हातात आहे. त्या काळात तिने दोन गोष्टी कराव्यात. मोठ्या युनियनबरोबर लेखी समजुतीचा कागद करावा: यादीचे निकष, कुंपणाची वर्षं, आणि विलीनीकरणानंतर मोठ्या युनियनच्या कार्यकारिणीत छोट्या कंपनीच्या क्रूसाठी ठरावीक जागा. आणि त्या कागदावरच्या मागण्या घेऊन दोन्ही युनियननी एकत्र समेट अधिकाऱ्यांकडे जावं. विमानसेवा केंद्राच्या अखत्यारीत येते, त्यामुळे मुंबईत तुम्हाला जायचंय ते सायनच्या श्रमरक्षा भवनात, राज्याच्या कामगार खात्यात नाही. आपसात केलेला करार फक्त सह्या करणाऱ्यांना बांधतो. समेटात झालेला करार आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना बांधतो, पुढे लागणाऱ्यांनाही. सिनिऑरिटीला हा दुसराच प्रकार हवा, कारण तिच्यात ज्याने सही केली नाही तोच उद्या कोर्टात जातो.

मोठी युनियन "तुम्ही आमच्या सभासद नाही" म्हणते त्यात दुष्टपणा असेलच असं नाही. त्यांच्या सरचिटणीसाला पुढची निवडणूक त्या १,६०० जणांच्या मतांवर लढायची असते. त्याला भेटायला जाल तेव्हा न्यायाच्या गोष्टी कमी बोला. त्याला विचारा की ४०० जण नाराज राहून उद्या तिसऱ्या युनियनचे सभासद झाले तर त्याचे ५१ टक्के टिकतील का. हा प्रश्न मी एका बैठकीत विचारला होता. समोरचे गृहस्थ बराच वेळ चहाचा कप फिरवत बसले, आणि मग त्यांनी स्वतःच वहीत दोन जागा लिहिल्या.

सगळ्यांनी मिळून आजारपणाची रजा टाकायची, असं कोणी सुचवलं तर जपून. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या क्रूने ते केलं, डझनांनी उड्डाणं रद्द झाली, पंचवीसेक जणांना काढलं गेलं आणि मग दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांपुढे समेट होऊन त्यांना परत घेतलं. त्यांचं निभावलं. आता संहितेत ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकत्र घेतलेली किरकोळ रजा संपच मानली आहे, आणि संपाला १४ दिवसांची नोटीस लागते. नोटिशीशिवाय गेलात तर सिनिऑरिटीचा मुद्दा बाजूला पडून नोकरी वाचवण्याचा मुद्दा होईल. हायकोर्टावरही फार भिस्त ठेवू नका. एअर इंडियाच्या काही कर्मचाऱ्यांनी पगार आणि बढतीच्या तक्रारी मुंबई उच्च न्यायालयात नेल्या होत्या. सुनावणी होईपर्यंत जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली. आता ती सरकारी कंपनी नाही, तिच्याविरुद्ध रिट (मुख्यतः सरकारविरुद्ध हायकोर्टात थेट करायचा अर्ज) चालणार नाही, असं आधी उच्च न्यायालयाने आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. खासगी कंपनीत आपला रस्ता समेट आणि औद्योगिक न्यायाधिकरण हाच.

सहीकडे येण्याआधी एक काम आज रात्रीच करा. तुमच्या तारखा गोळा करा. यादी नियमाने बनते, पण ती बनवणारा माणूस संगणकातला एक रकाना उचलतो, आणि तो कुठला उचलेल याचा भरवसा नसतो. ट्रेनिंगला हजर झाल्याची तारीख, नेमणूक पत्राची, पहिल्या उड्डाणाची आणि कायम झाल्याची, या चार तारखांमध्ये सहज वर्षभराचं अंतर असतं. एका एकत्रित यादीत एक मुलगी तिच्याच बॅचच्या सगळ्यांच्या ४० जागा खाली गेली होती. बाकीच्यांची ट्रेनिंगची तारीख धरली होती आणि हिची कायम झाल्याची. एचआर म्हणे सिस्टीममध्ये हेच आहे. तिच्या आईने कपाटातल्या साड्यांखालून प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद काढून दिला. बॅचच्या ट्रेनिंगचा आदेश होता, घडीवर फाटत आलेला, वर निळ्या शाईत तारीख आणि शिक्का. हरकतीची मुदत संपायला तेव्हा दोन दिवस होते. त्या एका कागदावर तिच्या ४० जागा परत आल्या.

तुमच्याबाबतीत आणखी दोन गोष्टी तपासा. बाळंतपणाची रजा आणि बिनपगारी रजा सिनिऑरिटीतून वजा होते का, याचा नियम दोन्ही कंपन्यांत वेगळा असू शकतो. बाळंतपणाची रजा वजा करणारा निकष मान्य करू नका, त्याला लेखी विरोध करा, आणि हा मुद्दा असोसिएशनच्या मागण्यांत पहिल्या तीनात घालायला लावा. यात सगळ्यात जास्त नुकसान मधल्या वयाच्या बायकांचं होतं. आणि एकाच दिवशी रुजू झालेल्यांमध्ये क्रम कशाने लावणार, वयाने की ट्रेनिंगच्या गुणांनी, तेही विचारून ठेवा. ५० जणींची बॅच असेल तर तेवढ्यावरून ५० जागांचा फरक पडतो.

आता सही. पत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा, खास करून मागची जोडपत्रं. मी तीन गोष्टी शोधतो. कुठे 'राजीनामा' हा शब्द आहे का, किंवा जुन्या कंपनीचा पूर्ण हिशेब चुकता करून नव्याने नेमणूक असं आहे का. तसं असेल तर सही करू नका, कारण त्याने सेवा तुटते आणि ग्रॅच्युइटीची मोजणी पहिल्यापासून सुरू होऊ शकते. दुसरं, 'कंपनी ठरवेल ती ज्येष्ठता मान्य राहील' असं वाक्य आहे का. हे एक वाक्य पुढची सगळी हरकत मारून टाकतं. तिसरं, हमी मिळणारे उड्डाणाचे तास, म्हणजे कमी उडवलं तरी ज्यांचा पगार मिळतोच ते तास, कमी झालेत का. २०२४ च्या सुरुवातीला विस्ताराच्या वैमानिकांना जे नवे करार आले त्यांत हमीचे तास ७० वरून ४० वर आले होते, आणि गोंधळाची ठिणगी तिथेच पडली. एकूण पगार सारखा दिसतो, पण कमी उडवलं त्या महिन्यात फरक कळतो. यातल्या अटी बदलायच्या तर मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यायला हवी असते, पाच दिवसांची नाही. ही गोष्ट असोसिएशनने कंपनीला लेखी कळवावी.

हे तिन्ही नसेल तर नोकरी धोक्यात घालून सही अडवून धरण्यात मला अर्थ दिसत नाही. हक्क राखून सही करा. पत्रावर 'हक्क राखून' एवढे दोन शब्द लिहा, तारीख टाका, प्रत ठेवा. पत्र ॲपवर असेल आणि तिथे फक्त 'स्वीकारले' हेच बटण असेल, तर ते दाबण्याआधी मेल पाठवा. मी लोकांना जो मजकूर देतो तो असा:

"आपले नेमणूक पत्र मिळाले. माझी रुजू तारखेपासूनची सेवा अखंड धरली जाईल, ग्रेडमधील माझी ज्येष्ठता राखली जाईल आणि सेवेच्या सध्याच्या अटी कमी होणार नाहीत, हे धरून व माझे सर्व कायदेशीर हक्क राखून मी विलीनीकरणानंतर सेवेत राहत आहे. माझा हा होकार म्हणजे राजीनामा नव्हे. एकत्रित ज्येष्ठता यादीचे निकष आणि हरकतीची मुदत कृपया लेखी कळवावी."

स्वतःच्या खासगी मेलवर प्रत ठेवा, कारण विलीनीकरणाच्या रात्री जुन्या कंपनीचे मेल बंद होतात आणि आतलं सगळं जातं. तुमचं जुनं रोस्टर, पगाराच्या स्लिपा आणि ट्रेनिंगच्या नोंदीही त्याआधीच उतरवून घ्या. एक प्रत असोसिएशनच्या सचिवांना द्या आणि बॅचच्या बाकीच्यांनाही तोच मजकूर पाठवायला सांगा. पत्रातले शब्द नीट कळत नसतील तर नाव आणि कर्मचारी क्रमांक झाकून ते दोन परिच्छेद इथे टाका, मी रात्री ड्युटीवरच्या फोनसारखा उशिरापर्यंत बघत असतो.